रणांगणापासून पडद्यापर्यंत : दूरचित्रवाणीच्या युद्धवार्ताहराचा व्यवसाय

युद्धाची बातमी देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजली आणि क्रिमियाच्या युद्धात लंडनच्या 'द टाइम्स' या पत्राने पाठविलेले विल्यम हॉवर्ड रसेल हे या व्यवसायाचे आद्यपुरुष मानले जातात. रसेल यांच्यापाशी लेखणी होती आणि जे पाहिले ते शब्दांत उतरवून टपालाच्या स्वाधीन केले की त्यांचे काम संपत असे. दूरचित्रवाणीच्या वार्ताहराला ही मोकळीक कधीच लाभली नाही, कारण त्याने काय पाहिले याला त्याच्या माध्यमात फारसे मोल नव्हते. कॅमेऱ्याने काय टिपले आणि ते टिपलेले प्रेक्षकापर्यंत पोहोचले की नाही, यावर त्याच्या साऱ्या धडपडीचे चीज होणे अवलंबून असे. या वार्ताहरांची चरित्रे धाडसाच्या कथांनी भरलेली आहेत, आणि ते धाडस खरेही आहे. परंतु या व्यवसायाचे रूप वेळोवेळी पालटले ते धाडसामुळे नव्हे, तर आघाडीपासून पडद्यापर्यंतची वाट किती लांब होती आणि ती कोणाच्या ताब्यात होती, या दोन गोष्टींमुळे. म्हणूनच त्याचा इतिहास त्या वाटेच्या अंगाने तपासणे अधिक फलदायी ठरते.

दूरचित्रवाणीच्या आधी युद्ध डोळ्यांनी पाहावयाचे तर चित्रपटगृहात जावे लागे. मुख्य चित्रपटाच्या अगोदर दाखविल्या जाणाऱ्या छोट्या बातमीपर चित्रपटांना वार्तापट म्हणत, आणि त्यांतील दृश्ये बहुधा काही आठवड्यांपूर्वीची असत. ताजी बातमी रेडिओवर येई. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बाँबवर्षावाचे एडवर्ड मरो यांनी केलेले वर्णन आणि एप्रिल १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीतून रिचर्ड डिंबलबी यांनी पाठविलेला वृत्तांत यांनी युद्धवार्ताहराच्या आवाजाला एक नैतिक वजन मिळवून दिले. मरो यांनीच पुढे १९५२ च्या नाताळात कोरियातील सैनिकांमध्ये कॅमेरे नेऊन एक विशेष कार्यक्रम सादर केला, तरी कोरियाचे युद्ध मुख्यतः वर्तमानपत्रांचे आणि रेडिओचेच राहिले. भारतात ही जुनी व्यवस्था आणखी दीर्घकाळ टिकली. १९६२, १९६५ आणि १९७१ ही तिन्ही युद्धे महाराष्ट्रातील जनतेने आकाशवाणीवर ऐकली आणि फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटांतून पाहिली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे बांगलादेशचे युद्ध संपून नऊ महिने उलटल्यावर.

व्यवसायाची खरी घडण व्हिएतनाममध्ये झाली. सप्टेंबर १९६३ मध्ये सीबीएस आणि एनबीसी या अमेरिकेतील दोन बलाढ्य वाहिन्यांनी आपले संध्याकाळचे बातमीपत्र पंधरा मिनिटांवरून अर्ध्या तासाचे केले, आणि वाढलेला वेळ भरून काढण्यासाठी चित्रांची भूक निर्माण झाली. दोन वर्षांच्या आत अमेरिकेच्या भूदलाच्या पलटणी व्हिएतनाममध्ये उतरल्या आणि ती भूक भागविण्याची सोय झाली. तोपर्यंत अमेरिकेतील दर दहा घरांपैकी नऊ घरांत दूरचित्रवाणी संच पोहोचलेला होता. सायगावमध्ये वाहिन्यांच्या कचेऱ्या उघडल्या आणि कामाचे एक ठरीव स्वरूप तयार झाले, ज्यात वार्ताहर, कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक अशी तिघांची तुकडी असे. कॅमेरा सोळा मिलिमीटर फिल्मचा आणि वजनदार असे, ध्वनी त्याच फिल्मच्या कडेला नोंदविला जाई, आणि कॅमेरामन व ध्वनिमुद्रक यांना एक तार जोडीत असल्यामुळे गोळीबार सुरू झाला की दोघांना एकाच दिशेने धावावे लागे. अमेरिकी लष्कराकडून अधिस्वीकृती मिळालेल्या वार्ताहरास, म्हणजे ज्याची नोंद करून ओळखपत्र देण्यात आले आहे अशा वार्ताहरास, लष्करी हेलिकॉप्टरमध्ये जागा असेल तर फुकट बसता येई, आणि सैन्याच्या पुढील हालचाली उघड न करणे यांसारखे काही नियम पाळल्यास त्याच्या मजकुरावर पूर्वतपासणीचे बंधन नसे. एवढे मोकळे रान याआधी कोणत्याही लष्कराने वार्ताहरांना दिलेले नव्हते आणि नंतरही दिले नाही.

मात्र ही मोकळीक आघाडीपर्यंत जाण्याची होती; चित्र परत पाठविण्याची वाट लांबच होती. चित्रित केलेली फिल्म न धुताच डब्यात बंद केली जाई, सोबत दृश्यांची माहिती देणारी चिठ्ठी आणि वार्ताहराच्या आवाजातील निवेदनाची ध्वनिफीत असे, आणि हे पुडके सायगावच्या विमानतळावरून मिळेल त्या विमानाने अमेरिकेस रवाना होई. फिल्म धुणे, तिची काटछाट करणे आणि तिच्यावर निवेदन चढविणे ही कामे हजारो किलोमीटर दूर बसलेल्या संकलकाच्या हातून होत, त्यामुळे वार्ताहराला आपल्याच वृत्तांताचे अंतिम रूप अनेकदा पाहायलाही मिळत नसे. या दिरंगाईचा परिणाम केवळ उशिरापुरता नव्हता, तर बातमीच्या जातीवरच झाला. दोन-तीन दिवसांनी दाखविली तरी शिळी वाटू नये अशीच गोष्ट वार्ताहराने शोधावी, हे ओघानेच आले. कोणता डोंगर कोणी घेतला हे तारेने आलेल्या बातमीतून निवेदक सांगत असे, आणि चित्र दाखवी ते गस्तीवरच्या एका तुकडीचा दिवस, जखमी सैनिकाला उचलणारे हेलिकॉप्टर, एखाद्या गावाची झडती. युद्धाचा नकाशा मागे पडून माणूस पुढे आला याचे श्रेय वार्ताहरांच्या संवेदनशीलतेला दिले जाते, आणि ते काही अंशी योग्यही आहे, पण विमानाच्या वेळापत्रकाचाही त्यात मोठा वाटा होता.

असाच एका गावाचा वृत्तांत या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला वृत्तांत ठरला. ३ ऑगस्ट १९६५ रोजी सीबीएसचे मॉर्ली सेफर हे अमेरिकी मरीन सैनिकांबरोबर दा नांगजवळच्या काम ने या खेड्यात गेले, आणि सैनिक सिगारेट पेटविण्याच्या लायटरने शाकारलेल्या झोपड्यांना आगी लावीत असल्याचे दृश्य त्यांच्या कॅमेरामनने टिपले. दोन दिवसांनी ते प्रसारित झाले. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सीबीएसचे प्रमुख फ्रँक स्टँटन यांना दूरध्वनी करून संताप व्यक्त केला, आणि सेफर यांच्या पूर्वायुष्याची चौकशी करण्यात आली, जिच्यातून ते कॅनडाचे नागरिक आहेत यापलीकडे काही निघाले नाही. या प्रसंगाच्या असंख्य वर्णनांत सेफर यांचे नाव येते आणि ज्याने ते दृश्य टिपले त्या हा थुक कान या व्हिएतनामी कॅमेरामनचे नाव ओझरते येते. वास्तविक त्या दिवशी गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा त्या तुकडीतील माणूस कानच होता, आणि भुयारात दडलेली माणसे बाहेर आली ती त्यानेच समजूत घातल्यामुळे. वार्ताहराचा चेहरा पडद्यावर दिसतो आणि कॅमेरामनचा दिसत नाही, या साध्या कारणाने या व्यवसायाची स्मृती कायमची एका बाजूला झुकलेली आहे, आणि हा अन्याय इतिहासलेखनानेही पुरेसा दूर केलेला नाही.

व्हिएतनामचे युद्ध दूरचित्रवाणीने हरविले, असा समज पुढे लष्करी वर्तुळात पक्का झाला. अभ्यासाचा कौल तसा नाही. डॅनियल हॅलिन यांनी 'द अनसेन्सर्ड वॉर' या १९८६ च्या ग्रंथात त्या काळातील बातमीपत्रांची छाननी करून दाखविले की १९६८ च्या आरंभापर्यंतचे वृत्तांकन एकंदरीत सरकारी भूमिकेला धरूनच होते, आणि त्या भागातून आलेल्या चित्रित वृत्तांतांपैकी प्रत्यक्ष लढाई दाखविणारे सुमारे एक पंचमांशच होते. काम नेसारखी दृश्ये अपवाद होती. चित्र पालटले ते जानेवारी १९६८ च्या अखेरीस व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, म्हणजे तेतच्या वेळी, एकाच वेळी अनेक शहरांवर झालेल्या हल्ल्यांनी; त्या वेळी लढाई वार्ताहरांच्या कचेऱ्यांच्या दारात आली होती. पॅसिफिक महासागरावर दळणवळण उपग्रह येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते आणि त्याचे भाडे इतके जबर असे की तो मोठ्या बातमीसाठीच वापरला जाई. तेतच्या काळात फिल्मचे डबे टोकियोपर्यंत विमानाने आणि तेथून उपग्रहाने न्यूयॉर्कला जाऊ लागले. सायगावच्या रस्त्यावर पोलीसप्रमुख न्गुयेन न्गॉक लोआन यांनी एका बंदिवानाच्या डोक्यात गोळी घातली, त्या क्षणाचे एडी अ‍ॅडम्स यांचे छायाचित्र जगभर गाजले. तोच क्षण एनबीसीचे कॅमेरामन वो सू यांनीही चालत्या फिल्मवर टिपला होता आणि तो दुसऱ्याच दिवशी अमेरिकी घरांत दिसला. दोन-तीन दिवसांचे अंतर एका दिवसावर आले आणि चित्रे आली तशीच, अजून गरम असताना, संपादकांच्या टेबलावर पडू लागली.

या पिढीतील ज्या एका माणसाचे कार्यजीवन या व्यवसायाचे सार मानावे, तो मात्र मोठ्या वाहिनीचा तारा नव्हता. १९३४ मध्ये टास्मानियात जन्मलेले नील डेव्हिस हे १९६४ पासून व्हिसन्यूज या लंडनच्या संस्थेसाठी आग्नेय आशियात काम करू लागले. व्हिसन्यूज ही चित्रवृत्तसंस्था होती, म्हणजे ती स्वतः काही प्रसारित करीत नसे, तर आपल्या कॅमेरामननी टिपलेली फिल्म जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांना पुरवीत असे; त्यामुळे डेव्हिस यांची दृश्ये कोट्यवधी लोकांनी पाहिली आणि त्यांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक झाले. बहुतेक वार्ताहर अमेरिकी तुकड्यांच्या मागे असताना डेव्हिस दक्षिण व्हिएतनामच्या आणि नंतर कंबोडियाच्या साध्या सैनिकांबरोबर राहिले, कारण युद्ध त्यांच्या देशात चालले होते आणि सर्वाधिक मरत होते ते तेच. कॅमेरा आणि निवेदन ही दोन्ही कामे एकट्याने करण्याची त्यांची पद्धत पुढे तीस वर्षांनी सर्वत्र रूढ झाली. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले तेव्हा बहुसंख्य पाश्चात्त्य वार्ताहर शहर सोडून गेले होते. डेव्हिस राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाच्या आवारात थांबले आणि उत्तर व्हिएतनामचे रणगाडे फाटक मोडून आत शिरताना त्यांनी चित्रित केले. ९ सप्टेंबर १९८५ रोजी बँकॉकमध्ये फसलेल्या एका लष्करी उठावाचे चित्रण करताना रणगाड्यातून झालेल्या माऱ्यात ते आणि त्यांचे ध्वनिमुद्रक बिल लॅच हे ठार झाले. हातातून पडलेला कॅमेरा चालूच राहिला होता, आणि डेव्हिस यांचे अखेरचे क्षण त्यांच्याच कॅमेऱ्यात नोंदविले गेले.

व्हिएतनामपासून लष्करांनी घेतलेला धडा फॉकलंडच्या युद्धात दिसला. एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटिश आरमार दक्षिण अटलांटिककडे निघाले तेव्हा त्याच्यासोबत केवळ ब्रिटिश वार्ताहरांचा सुमारे तीस जणांचा गट घेण्यात आला, ज्यात दूरचित्रवाणीचे बीबीसीचे ब्रायन हॅनरहन आणि आयटीएनचे मायकेल निकोल्सन होते आणि चित्रणाचा मुख्य भार बीबीसीचे कॅमेरामन बर्नर्ड हेस्केथ यांच्यावर होता. ती बेटे इतकी एकाकी होती की आरमाराच्या जहाजाशिवाय तेथे पोहोचण्याचा आणि परतण्याचा मार्गच नव्हता. जहाजांवरून आवाज पाठविता येई, तोही लष्करी अधिकाऱ्यांनी मजकूर तपासल्यावर. चित्रे पाठविण्याची उपग्रहव्यवस्था मात्र उपलब्ध करून देण्यात आली नाही, आणि चित्रफिती जहाजाने सहा हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या असेन्शन बेटापर्यंत व तेथून विमानाने लंडनला नेल्या जात. काही चित्रफितींना प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यास २३ दिवस लागले. क्रिमियाच्या युद्धातील बालाक्लावाची लढाई २५ ऑक्टोबर १८५४ रोजी झाली आणि तिचे रसेल यांनी केलेले वर्णन १४ नोव्हेंबरला छापून आले, म्हणजे वीस दिवसांत. सव्वाशे वर्षांची यांत्रिक प्रगती एका शासकीय निर्णयाने अशी पुसून निघाली. हॅनरहन यांनी या अडचणीतून काढलेली वाट शब्दांची होती. १ मे रोजी विमानवाहू जहाजावरून किती विमाने हल्ल्यास गेली हे सांगण्यास मनाई असल्यामुळे, जितकी जाताना मोजली तितकीच परत येताना मोजली, अशा आशयाचे वाक्य त्यांनी रचले, आणि आकडा न सांगता एकही विमान पडले नसल्याचे सत्य श्रोत्यांपर्यंत पोहोचविले. ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीने नंतर या सर्व व्यवस्थेची चौकशी केली, पण पुढील वर्षी ग्रेनाडावर उतरताना अमेरिकेने पहिले दोन दिवस वार्ताहरांना बेटावर येऊच दिले नाही, यावरून फॉकलंडचा कोणता भाग अनुकरणीय ठरला ते स्पष्ट होते.

१९९१ च्या आखाती युद्धात ही वाट दोन्ही टोकांना ताणली गेली. सौदी अरेबियात अमेरिकी लष्कराने 'पूल' पद्धत लागू केली, म्हणजे निवडक वार्ताहरांना अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आघाडीवर न्यावे, त्यांचा मजकूर तपासावा आणि तो इतर सर्वांना वाटून द्यावा. याच्या नेमके उलट बगदादमध्ये घडले. १७ जानेवारीच्या पहाटे बाँबफेक सुरू झाली तेव्हा सीएनएन या १९८० मध्ये स्थापन झालेल्या चोवीस तासांच्या वृत्तवाहिनीचे बर्नर्ड शॉ, जॉन हॉलिमन आणि पीटर आर्नेट हे अल् रशीद हॉटेलातून एका स्वतंत्र दूरध्वनी जोडणीवर थेट बोलत राहिले. पडद्यावर त्या वेळी होते फक्त नकाशा आणि वार्ताहरांची छायाचित्रे; दूरचित्रवाणीचा हा सर्वांत मोठा विजय तत्त्वतः रेडिओचाच होता. आर्नेट यांनी व्हिएतनाममधील वार्तांकनासाठी १९६६ चे पुलित्झर पारितोषिक मिळविलेले होते. इतर वार्ताहर गेल्यावरही ते शत्रूच्या राजधानीत थांबले आणि त्यामुळे स्वदेशात त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. या युद्धाचा एक दूरचा परिणाम मुंबईत घडला. इमारतीतल्या घरांना व्हिडिओवरचे चित्रपट तारेने पुरविणारे केबलवाले तेथे आधीपासून होते. सीएनएनच्या दृश्यांच्या कुतूहलाने त्यांनी गच्च्यांवर तबकड्या उभारल्या, आणि खाजगी उपग्रहवाहिन्यांचे युग भारतात शिरले ते काही अंशी बगदादच्या आकाशातून.

त्याच वाहिन्यांनी १९९९ मध्ये भारताला त्याचे पहिले दूरचित्रवाणी-युद्ध दाखविले. कारगिलमध्ये द्रास आणि श्रीनगर-लेह महामार्गाच्या परिसरातून एनडीटीव्हीच्या बरखा दत्त आणि इतर वाहिन्यांचे वार्ताहर तोफांच्या आवाजात बोलताना दिसत होते; चित्रफिती मात्र बहुतांशी श्रीनगरमार्गे दिल्लीस न्याव्या लागत. पॉइंट ५१४० जिंकून आलेल्या कॅप्टन विक्रम बत्रा यांची मुलाखत देशाने पाहिली आणि थोड्याच दिवसांनी, ७ जुलैला, त्यांच्या वीरमरणाची बातमी ऐकली. पडद्यावर ओळखीचा झालेला तरुण मृतांच्या यादीत दिसणे हा अनुभव भारतीय समाजाला नवा होता, आणि या युद्धाच्या स्मृतीला जो घरगुती शोकाचा स्पर्श आहे तो त्यातून आला. चोवीस तासांची एकही मराठी वृत्तवाहिनी तेव्हा नव्हती, त्यामुळे मराठी घरांनी हे युद्ध दूरदर्शनच्या मराठी बातम्यांसोबत हिंदी आणि इंग्रजी निवेदनातूनच पाहिले. लष्कराची हानी, टेहळणीतील चूक, सुरुवातीच्या आठवड्यांतील गोंधळ यांवरचे प्रश्न मात्र लढाई चालू असताना क्वचितच विचारले गेले. आपल्याच देशाच्या सैन्याबरोबर राहणाऱ्या वार्ताहराला हे प्रश्न किती जड जातात, हे बीबीसीच्या मार्टिन बेल यांच्यासारख्या परक्या युद्धांत उमेदवारी केलेल्या वार्ताहरांना कळलेच असते असे नाही. बोस्नियात १९९२ साली जखमी झालेल्या बेल यांनी तटस्थतेऐवजी बांधिलकीचा पुरस्कार केला, तो दोन्ही पक्ष परके असतानाचा.

मार्च २००३ मध्ये इराकवर स्वारी करताना अमेरिकेने पूल पद्धत सोडून सहाशेहून अधिक वार्ताहरांना थेट पलटणींशी जोडले; त्यांना संलग्न वार्ताहर म्हणता येईल. उपग्रहाची तबकडी आता गाडीवर मावत होती आणि चालत्या ताफ्यातून थेट प्रक्षेपण शक्य झाले होते, म्हणजे वाटेची लांबी शून्यावर आली. परंतु ज्या गाडीत वार्ताहर बसला तीच त्याची क्षितिजरेषा ठरली. जे संलग्न न होता स्वतंत्रपणे निघाले त्यांची स्थिती निराळी होती. १९८८ मध्ये हलब्जावरील विषारी वायूच्या हल्ल्याचे वृत्त जगापुढे आणणारे आयटीएनचे टेरी लॉइड हे २२ मार्चला बसऱ्याजवळ मारले गेले. त्यांच्याबरोबरचे लेबनीज दुभाषी हुसेन उस्मान हेही मृत्युमुखी पडले, आणि फ्रेंच कॅमेरामन फ्रेड नेराक यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. २००६ मध्ये ब्रिटिश न्यायिक चौकशीने लॉइड यांचा मृत्यू अमेरिकी सैनिकांच्या गोळीने झालेला बेकायदा वध असल्याचा निर्णय दिला. ८ एप्रिलला बगदादच्या पॅलेस्टाइन हॉटेलवर अमेरिकी रणगाड्याने केलेल्या माऱ्यात रॉयटर्सचे तारास प्रोत्स्युक आणि स्पेनच्या तेलेसिंको वाहिनीचे होसे कौसो हे दोन कॅमेरामन गेले, आणि त्याच दिवशी अल् जझीराचे तारेक अय्यूब आपल्या कचेरीच्या गच्चीवर हवाई हल्ल्यात ठार झाले.

ऑक्टोबर २०२३ नंतर गाझामध्ये इस्राएलने परदेशी वार्ताहरांना स्वतंत्रपणे प्रवेश नाकारला, आणि बाहेरून येणारा वार्ताहर व त्याला साहाय्य करणारा स्थानिक कॅमेरामन ही काम नेपासून चालत आलेली विभागणीच उरली नाही. वृत्तांकन करणारे सारे तेथलेच रहिवासी होते. अल् जझीराचे गाझामधील प्रमुख वाएल दहदूह हे २५ ऑक्टोबरला थेट वृत्तांकन करीत असतानाच त्यांची पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि नातू बाँबहल्ल्यात ठार झाल्याचे त्यांना कळले, आणि दफन करून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. डिसेंबरमध्ये ते स्वतः जखमी झाले आणि त्यांच्याबरोबरचे कॅमेरामन सामेर अबू दक्का मरण पावले. जानेवारीत त्यांचा थोरला मुलगा हमझा, जो वडिलांच्याच व्यवसायात आला होता, मारला गेला, आणि त्याच्या दफनानंतरही वाएल दहदूह यांनी प्रेस लिहिलेले चिलखत चढवून त्याच रस्त्यांवरून वृत्त दिले.